चौथ्या माळ्याचा शब्द

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी पुन्हा तुमच्याशी वाद घालायला बसले आहे. तुम्ही असतात तर पदर खोचून म्हणाला असतात, "आली बगा इनबाय, पुस्तक घेऊन." या वेळी पुस्तक नाही. या वेळी नुसती भीती आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

आपली नातवंडं, रेवा आणि ईशान, फोनवर म्हणाली, तळवलीच्या आजीबद्दल लिही, आम्ही हळूहळू वाचू. त्यांना वाटतं मी तुमच्या कोळंबीच्या कालवणाबद्दल लिहीन, तुम्ही ईशानला खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचात त्याबद्दल लिहीन. हे त्यांना पाठवणारच आहे. पण यात एक गोष्ट अशी आहे जी त्यांच्याआधी तुमच्या कानावर घालायला हवी. म्हणून बोलते तुमच्याशी. मुलांनी ऐकावं.

मी मास्तरीण. क्रमाने सांगते.

आम्ही साताऱ्याकडून वाशीला आलेले, तुम्ही तळवलीच्या, हे शहर व्हायच्या आधीपासूनच्या. माझ्या मुलाने तुमची सुवर्णा पसंत केली आणि दोघं अमेरिकेला गेली. इकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आपण दोघी उरलो, मी वाशीला एकटी, तुम्ही तळवलीला तुमच्या मुलाजवळ, दत्ताजवळ. पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे आले की तुम्ही खुर्चीवर बसायच्या नाहीत. मुलाची आई आलीये म्हणून मला खुर्ची, तुम्ही खाली. मी खाली बसायला लागले तेव्हा तुम्ही जाऊबाईंना हाक मारलीत, "हिरा, बग गो, इनबाय जमिनीवर बसल्यान! आता माजी पोरगी सुखात र्‍हाईल." त्या दिवशी आपली खरी ओळख झाली.

रेवाने न्यूयॉर्कमध्ये खोली घेतली तेव्हाची गोष्ट. तिने फोन फिरवून आपल्याला खोली दाखवली. विटांची जुनी इमारत, उंच खिडकी, आणि खिडकीबाहेर काळा लोखंडी जिना. तुम्ही कोळंबी सोलता सोलता थांबलात.

"बाय, ती शिडी कुनाची? चोर येल ना वर!"

"आजी, ती चोरासाठी नाही. आग लागली तर पळायला."

"पळायला येगली शिडी?"

"कायदाच आहे तसा. वाशीच्या आजीला विचार, तिनेच शिकवलाय तो विषय."

मी तो विषय खरोखरच शिकवला होता, कॉलेजात, बरीच वर्षं. त्यांचं आपसातलं युद्ध संपल्यावरची अमेरिका. गिरण्या, पोलाद, रेल्वे, आणि जहाजं भरभरून येणारी युरोपातली माणसं. मी कारणं शिकवायचे, परिणाम शिकवायचे, पाच गुणांची टीप द्यायचे. तुम्ही कारणं कधी विचारलीच नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "त्या खोल्यांचा मालक कोन?"

मी सांगितलं. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, पुढच्या खोलीला तेवढी खिडकी, मागच्या खोल्या अंधाऱ्या. त्यातच कपडे शिवायचं काम, त्यातच स्वयंपाक, त्यातच आजारी माणूस. सरकारने कायदा केला की प्रत्येक खोलीला खिडकी हवी, तर मालकांनी खिडक्या पाडल्या, पण बाहेरच्या भिंतीला नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांत पाणी आलं. "हुशार व्हते गो मालक!" मग हसू आवरून म्हणालात, "पन त्यांचा पन कायतरी म्हनना आसंल."

"म्हणत होते. खिडक्या पाडल्या तर भाडं वाढेल आणि गरीब माणूस रस्त्यावर येईल."

"मंग? बराबर बोलले." आणि तुम्ही कोळंबीची टोपली माझ्याकडे सरकवलीत. "तुमी नुसत्या बोलू नुका, सोला."

तेव्हापासून मी आले की तास सुरू व्हायचा. तुम्ही विचाराल ते मी सांगायचं. एकदा म्हणालात, "ती अमेरिका आदी कुनाची व्हती? तितले मूल लोक आसतील ना?" मी म्हटलं, होते, त्यांच्या जमिनी गेल्या. तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत, "त्यांना साडेबारा टक्का भेटला?" मुलांनो, हे शहर वसवताना इथली भातशेती आणि मिठागरं सरकारने घेतली आणि त्याच्या बदल्यात गावकऱ्यांना थोडा विकसित भूखंड परत दिला, तो हा साडेबारा टक्का. मी नाही म्हटलं. "मंग आमचा सरकार त्यापरीस बरा," असं म्हणून तुम्ही चहा ठेवायला उठलात. तुम्ही चेष्टा करत होतात की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि त्या शिकलेल्या बायकांची गोष्ट. चांगल्या घरच्या मुली, पदव्या घेतलेल्या, स्थलांतरितांच्या वस्तीत घर घेऊन राहायला गेल्या, त्यांच्या मुलांना शिकवलं, कारखान्यांतल्या मुलांसाठी, कचऱ्यासाठी, पाण्यासाठी भांडल्या. मी हे फार आवडीने शिकवायचे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमी याल काय र्‍हायला? माजी तिसऱ्या माल्यावरची खोली खाली व्हतेय." मी म्हटलं, माझे गुडघे. तुम्ही म्हणालात, "त्या बायांना गुडघं नव्हतं वाटतं." तो वाद तिथेच राहिला. मी वाशीलाच राहिले.

आता इमारत. हे बोलायला मला अजून जड जातं, कारण ती तुमची होती आणि तुम्ही तिच्यावर जीव टाकलात. गेलेल्या जमिनीचे पैसे दिराने उडवले, तुम्ही नाही उडवलेत. गावठाणातल्या स्वतःच्या घराच्या जागेवर तीन माळे चढवलेत. खोल्या भाड्याने दिल्यात. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी बीड-जालन्याकडचा. कारखान्यात जाणारे, जासईच्या कंटेनर यार्डात जाणारे, आणि ती मोबाइलवर ऑर्डर घेऊन जेवण पोचवणारी मुलं. एका खोलीत किती जण, हे तुम्ही विचारत नव्हता आणि ते सांगत नव्हते. जिना एकच, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाळ्या. जिन्याखाली त्या मुलांच्या बॅटरीच्या स्कूटर रात्रभर चार्जिंगला. आणि गच्चीच्या लोखंडी दाराला कुलूप, कारण पाण्याची मोटर एकदा चोरीला गेली होती. किल्ली तुमच्या कमरेला.

मी घाबरट बाई आहे. गॅसचा नॉब दोनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तुमच्या जिन्यातून वर जाताना त्या वायरी, ते चार्जरचे लाल दिवे बघितले की मी पदर आवळून, कशाला न शिवता चढायचे. मी तुम्हाला म्हटलं होतं, गच्ची उघडी ठेवा. तुमची आणि शेजारची इमारत इतकी जवळ की गच्चीवरून गच्चीवर लहान मूलसुद्धा जाईल. खालून आग आली तर माणसांना तेवढीच एक वाट आहे. तुम्ही म्हणालात, "आनि मोटर गेली तर पानी काय न्यूयॉर्कवरना येल?"

मग ते झालं. मी तिथे नव्हते, तुम्हीच सांगितलंत. भर दुपारी एका स्कूटरची बॅटरी धुमसली. धूर जिन्याने वर चढला. खालच्या पोरांनी वाळू टाकली, ओली पोती टाकली आणि विझवलं, कुणाला काही झालं नाही. तिसऱ्या माळ्यावरच्या दोघी मात्र लेकरं घेऊन वर धावल्या होत्या.

"दार बडवत व्हत्या गो, इनबाय," तुम्ही म्हणालात. "मना खाली ऐकू येत व्हता. चावी माज्याकडं, आनि मधी धूर. जाव कशी?"

तुमचा हात कमरेच्या किल्लीवर होता, ती तुम्ही पुन्हा पुन्हा चाचपत होतात. तुम्हाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. खाडीच्या पाण्यात उतरून भांडणारी बाई तुम्ही.

त्याच दिवशी तुम्ही कुलूप काढलंत. दत्ताने आठवड्यात पुन्हा लावलं. तुमचा दत्ता वाईट नाही. त्याच्या डोक्यात मोटर, टाकी, गच्चीवर दारू पिणारी टोळकी. तुम्ही म्हणालात, "मी सांगीन त्याला. जरा दमानं. त्याचा पन घर हाय ना." मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला, "सांगीन."

आणि चौथा माळा. त्याच्या खांबांचे लोखंडी गज तीन वर्षं गच्चीवर उभे होते, पैसे जमले की बांधायचा म्हणून. पहिल्यांदा तोही भाड्यालाच द्यायचा होता. मग अमेरिकेतून बातम्या यायला लागल्या. आज हा व्हिसा बंद, उद्या तो कागद नाही, कुणाला दारातूनच परत पाठवलं. तुम्ही मला विचारायचात, "त्या जुन्या लोकांना जाजावरना उतरल्यावर काय करीत?" मी सांगितलं, रांगेत उभं करत, डोळे तपासत, संशय येईल त्याच्या कोटावर खडूने खूण करून बाजूला काढत, कधी परतीच्या जहाजात बसवत. तुम्ही म्हणालात, "आपल्या रेवाला पन आशीच बगितली आसंल." मी म्हटलं, तिचे कागद चोख आहेत. तुम्ही म्हणालात, "कागद आमच्या जमिनीचं पन चोख व्हतं."

त्यानंतर चौथा माळा भाड्याचा राहिला नाही. तो रेवा-ईशानचा झाला. "हाकलला तर येतील कुठं? तुमचा वाशीचा खुराडा त्यांना पुरंल? मी मोठी खिडकी ठेवनार. खाडी दिसली पायजे पोरांना." मला हे ऐकून बरं वाटायचं, विहीणबाई. रोज सकाळी मी बातम्या भीतभीतच लावते. कुणीतरी माझ्या नातवंडांसाठी भिंती उभ्या करतंय, एवढा एक आधार होता.

तुम्ही गेलात तेव्हा सुवर्णाला येता आलं नाही. ती आली तर परत आत घेतील की नाही, याची वकिलाला खात्री देता येईना. आईच्या दहाव्याला ती फोनच्या पडद्यावर होती, हिराकाकीच्या नातीच्या हातात, आणि तिथे तिची रात्र होती.

खाडीच्या काठाला, खारफुटीच्या कडेला पिंड ठेवले. मुलांनो, दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात. मग जवळची माणसं एकेक करून शब्द देतात, तुझं हे आम्ही करू, तू काळजी करू नकोस. मी आयुष्यभर वर्गात उभी राहून असल्या गोष्टींना रूढी म्हणत आले. पण त्या दिवशी विजेच्या खांबावर तीन कावळे बसले होते, एकही खाली येत नव्हता, आणि मी मान वर करून त्यांनाच बघत होते.

कुणी म्हणालं, सुवर्णाचं माहेर तुटू देणार नाही. कावळा नाही. कुणी म्हणालं, हिराकाकीला सांभाळू. हिराकाकी म्हणाली, "माजा नाव कशाला घेता, मी काय मेल्ये?" लोक त्या वेळीही हसले. मग दत्ता पुढे आला. हात जोडले आणि रडत म्हणाला, "आये, चौथा माळा पुरा करतो. रेवा-ईशानला जागा देतो. तुजा शब्द हाय माज्यावर."

कावळा उतरला.

सगळीकडून सुटकेचे सुस्कारे आले. आणि मला कळलं की आता ते कुलूप कायमचं राहणार. तुमची इच्छा काय होती ते गावासमोर ठरून गेलं होतं. कमरेच्या किल्लीवरचा तुमचा तो हात तिथे फक्त मी पाहिला होता. घरी जाऊन दत्ताला सांगितलं असतं तर? मी मुलाची आई. मला नाही कुणी म्हणत नाही, आणि माझं मनावरही कुणी घेत नाही. पाटावर बसवतात, मान हलवतात, संपलं. जे काही ठरतं ते इथेच, कावळ्यापुढे.

मी बायकांतून उठले. पुढे गेले. मोठ्याने म्हटलं, "विहीणबाई, गच्चीचं कुलूप काढू. दार कायम उघडं ठेवू. तुम्ही दत्ताला सांगणार होतात, ते मी सांगते."

कावळा उडाला.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! कुणी म्हणे, साताऱ्याच्या बाईने घाण केली. कुणी म्हणे, पिंड पुन्हा मांडा. भटजी घड्याळ बघायला लागले. फोनमधून सुवर्णा विचारत होती, "काय झालं? शिवला का? कुणी सांगा ना!" शेवटी हिराकाकी काठी आपटत पुढे आली.

"गप र्‍हावा समदी. माजं डोलं आजून शाबूत हायत. कावला घास घेऊन उडाला. दत्त्याचा पन पोचला, इनबायचा पन पोचला. दोनी कबूल. चला, ऊन झाला."

दत्ता परतताना माझ्या शेजारून चालला. "मावशी, हे घरात बोलायचं होतं. चार माणसांत तुम्ही मला उघडा पाडलात."

"घरात तुझ्या आईनेही दोनदा बोलायचं ठरवलं होतं, दत्ता."

तो थांबला. मग मी त्याला ती दुपार सांगितली. दार बडवणाऱ्या बायका, मधला धूर, तुमच्या कमरेची किल्ली. तुम्ही त्याला आग विझली एवढंच सांगितलं होतं. आईला काय ऐकू आलं होतं, ते त्याला माहीतच नव्हतं.

बाराव्याचं जेवण झाल्यावर त्याने मला गच्चीवर नेलं, कुलूप काढलेलं दाखवायला. गुडघे धरत वर गेले. दाराला खरंच कुलूप नव्हतं, आणि मोटरीभोवती त्याने नवा पिंजरा करून घेतला होता. "आता टेन्शन नाही ना, मावशी? आणि हे बघा, पुढच्या महिन्यात चौथ्याचं काम सुरू. रेवाला फोटो पाठवू."

मी त्या गजांकडे बघत होते. मग शेजारच्या गच्चीकडे बघितलं. ती आपल्या गच्चीला लागून, एक पाऊल टाकलं की पलीकडे. 

"दत्ता, चौथा माळा झाला की गच्ची कुठे जाईल?"

"वर. अजून कुठे?"

"आणि शेजारची?"

 तो कठड्यापाशी गेला, पाय उचलून शेजारच्या गच्चीत उतरला, तिथून मान वर करून गजांच्या टोकाकडे बघत राहिला. चौथा माळा बांधल्यावर उघड्या दारातून माणसं बाहेर येतील आणि शेजारची गच्ची त्यांच्या एक अख्खा माळा खाली असेल. लेकरं घेऊन कुणी उडी मारणार? वर आणखी बिऱ्हाड वाढलेलं, जिना तोच, आणि वाट संपलेली. दोन्ही शब्द कबूल झाले होते. दोन्ही मिळून पाळता येत नव्हते.

"शेजारी पण कधीतरी चढवतील," तो तिकडूनच म्हणाला.

"कधी?"

तो परत आला. "मावशी, तो माळा तुमच्याच नातवंडांचा आहे. उद्या तिकडून काढलं तर कुठे ठेवाल?"

  खाली तिसऱ्या माळ्यावर कुणीतरी भात लावला होता, कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवीन. खुराड्यात. पण या माणसांच्या डोक्यावर नको."

"मी आयेला शब्द दिलाय. गावासमोर. कावळा शिवलाय."

"मोड."

"आणि आयेला काय सांगू?"

"तिला मी सांगते."

परवा त्याने कटर आणला. मला फोन करून बोलावून घेतलं. एकट्याने करवेना म्हणाला. गजांतून ठिणग्या उडायला लागल्या आणि मी दारापाशी पाण्याची बादली धरून उभी राहिले, मूर्खासारखी, कारण मला ठिणग्यांचीही भीती वाटते. दोन गज कापून झाले. तिसऱ्याला हात लावला आणि कटर खाली ठेवून तुमचा एवढा मोठा मुलगा गच्चीवर मांडी घालून बसला आणि रडला. बाकीचे गज अजून उभे आहेत. मी त्याला घाई करणार नाही, पण रोज विचारणार आहे.

रेवा, ईशान, तुमच्या आजीने तुमच्यासाठी एक खोली मनात बांधली होती, मोठ्या खिडकीची, खाडी दिसणारी. ती होणार नाही. मी होऊ दिली नाही.

आणि विहीणबाई, तुमचा चौथा माळा मोडायला मी लावला. दत्ताने नाही. तो तुमचा शब्द पाळायला निघाला होता. रागावायचं असेल तर माझ्याकडे वाशीला या.